एकशेसाठचं अपडेट

"अभि, आलं का रे ते तुझं अपडेट?"

पाध्ये मॅडमनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या टेबलाखाली गुडघे टेकून, तोंडाला रुमाल बांधून डब्याच्या पंख्यातली धूळ ब्रशने काढत होतो. डबा म्हणजे जेवणाचा नव्हे. दोन हार्डडिस्क बसतील एवढं काळं खोकं, नेटवर्कला जोडलेलं. दवाखान्यातले सगळे एक्स-रे त्यात साठायचे. कंपनीच्या कागदांवर त्याला नास म्हणत, पण वडगावपासून कोल्हापूरपर्यंत आमचं एकही गिऱ्हाईक डब्याशिवाय त्याचं दुसरं नाव घेत नसे.

"नाही मॅडम, अजून पेंडिंग आहे," मी टेबलाखालूनच म्हणालो. समोर माणूस दिसत नसला की खोटं बोलणं सोपं जातं. त्या दिवसांत मला त्याची चांगलीच सवय लागली होती.

मॅडम खुर्ची वळवून एका पेशंटला संगणकावर त्याचेच जुने एक्स-रे दाखवत होत्या. वडगावात छातीच्या डॉक्टर त्या एकट्याच. वय साठीला आलेलं, केस आखूड कापलेले, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. पेशंट होता सर्जेराव तिवडे. एका फौंड्रीत साचे फोडायच्या खात्यात दहा वर्षं काम केलेला माणूस. ओतकाम थंड झालं की वाळूचा साचा घणाने फोडायचा आणि उडेल ती धूळ नाकातोंडात घ्यायची, हे त्याचं काम. चव्वेचाळीस वर्षांचा होता आणि साठीचा दिसायचा. दाराजवळ त्याची बायको मालन उभी होती, कारण आत खुर्ची एकच होती.

"हे बघा सर्जेराव, हा सात सालचा. तुम्ही कामाला लागलात त्याच वर्षी मी फौंड्रीच्या दारात कॅम्प घेतला होता, आठवतंय? काही आहे का इथे? स्वच्छ. हा दहाचा, इथे वर बारीक ठिपके आलेत. हा तेराचा. आणि हा परवाचा."

"मला त्यातलं काय कळतंय बाई," सर्जेराव म्हणाला. दोन शब्द झाले की त्याला थांबावं लागायचं. "पर पयलं काळं हुतं... आन् आता पांढरं झालंय. एवढं दिसतंय."

"तेवढंच कोर्टाला दिसलं पाहिजे."

युनियनने सर्जेरावच्या भरपाईसाठी लावलेली केस साधी होती. फौंड्रीचं म्हणणं, हा माणूस आमच्याकडे आला तेव्हाच छातीचा रोगी होता, जुना टीबी होता, वर बिड्या ओढायचा. मॅडमचं म्हणणं, ही वाळूची धूळ आहे, सिलिकोसिस आहे, आणि तो फौंड्रीतच झाला. दोन्ही म्हणण्यांच्या मध्ये पुरावा एकच होता: सात सालापासूनचे ते एक्स-रे, ओळीने लावलेले. फिल्म काढून पेशंटच्या हातात द्यायचं मॅडमनी कधीच बंद केलं होतं. घरी नेलेली फिल्म पत्र्याच्या भोकाला लागते, नाहीतर पोरं तिच्यातून ग्रहण बघतात, हा त्यांचा अनुभव. म्हणून सगळं आधी जुन्या संगणकात, आणि तो मोडीत काढल्यापासून डब्यात.

"वकील म्हणालेत, मार्चात आपले फोटो द्यायचे," मालनवहिनी दारातून म्हणाल्या. "मंग निकाल लागंल न्हवं, बाई?"

"फोटो बघितल्यावर न लागायला काय झालं? मुंबईचे एक मोठे डॉक्टर ते नेटवरून बघतायत. त्यांचा अहवाल आला की सगळं एकदम देऊ." मग त्या टेबलाखाली वाकल्या. "अभि, मी काय म्हणते. पेपरात येतंय ना रोज, फायली कुलूपबंद करणारा व्हायरस. तुझं अपडेट येईपर्यंत या डब्याचं नेट काढूनच ठेवू का? मुंबईला मी पेनड्राइव्ह कुरिअर करीन. माझं काही अडणार नाही."

आता या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर होतं. हो मॅडम, आत्ता काढतो. वायर माझ्या हातापासून वीतभर लांब होती.

"नको मॅडम, कशाला?" मी म्हणालो. "पंधरवड्यात येतंय ते. चालू राहू दे."

मी टेबलाखालून बाहेर आलो, रुमाल सोडला आणि भेटीचा कागद पुढे केला. मॅडमनी नेहमीसारखी खाली सही केली. कागद कोरा होता. आमच्या धंद्यात ती रीतच होती. दवाखान्यात, बँकेत, शाळेत कुणाला एवढा वेळ असतो? गिऱ्हाइकाने आधी सही करायची आणि काय तपासलं, काय सांगितलं, तो मजकूर आम्ही दुकानात येऊन सावकाश भरायचा. सगळे करायचे आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मॅडम तर सही करता करता पुढच्या पेशंटला हाक मारायच्या.

*

अपडेटचं प्रकरण असं होतं.

त्या जानेवारीतल्या भेटीच्या आधीच्या दिवाळीनंतर डबे बनवणाऱ्या कंपनीने एक पत्रक काढलं. डब्याच्या आत त्याची स्वतःची एक प्रणाली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. त्या प्रणालीत एक भोक सापडलं होतं आणि त्यातून बाहेरचा कुणीही आत शिरू शकत होता. भोक बुजवायचं अपडेट कंपनीने काढलं, पण सगळ्या मॉडेलांना एकदम नाही. साइटवर यादी टाकली. तीनशेऐंशी मॉडेल, अपडेट उपलब्ध. तीनशेचाळीस, उपलब्ध. दोनशेवीस, लवकरच. अशी पंधरा-सोळा मॉडेलं. आणि अगदी तळाला तीन जुनी मॉडेलं होती, त्यांच्यापुढे तारीख नव्हती, एक वाक्य होतं: या मॉडेलांसाठी यापुढे कोणतंही अपडेट काढलं जाणार नाही, ती नेटवर्कपासून वेगळी करावीत.

त्यात एकशेसाठ होतं. मॅडमच्या टेबलाखालचा डबा एकशेसाठ होता.

मी ती यादी छापली आणि आनंदाने मालकांपुढे ठेवली. आनंदाने अशासाठी की एकेचाळीस गिऱ्हाइकांचं काम एका कागदात आलं होतं. आमचे मालक बाळासाहेब मगदूम. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. माझे वडील रिक्षाखाली सापडले तेव्हा हा माणूस तीन दिवस दवाखान्यात माझ्याबरोबर बाकावर बसून होता. त्यांच्याशी वाकडं बोलायला माझी जीभ रेटत नसे.

मालकांनी चष्मा वर करून यादी वाचली आणि बोट तळाला ठेवलं.

"एकशेसाठ आपण किती जणांना दिलेत रं?"

"सात."

"कधी दिले?"

गेल्या वर्षीच दिले होते. कंपनीने मॉडेल बंद केल्यावर मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे उरलेला माल पडून होता. मालकांनी तो उचलला आणि नव्याच्या नावाखाली विकला. सातही डबे मीच बसवले होते आणि ते नवेच आहेत असं मलाही तेव्हा वाटलं होतं.

"मग? आता सात जणांना सांगणार काय, की आम्ही तुम्हाला मेलेलं जनावर विकलं म्हणून?"

"पण मालक, वेगळी करावीत असं लिहिलंय. निदान नेट तरी—"

"नेट काढा म्हटलं की का म्हणून विचारतील. का म्हणून विचारलं की साइट बघतील. अभि, आपल्या दुकानात 'नाही' हा शब्द नाही. जमणार नाही, येणार नाही, असलं गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. काय सांगायचं?"

"पेंडिंग."

"हां. उन्हाळ्यात एकेकाला काहीतरी स्कीम काढून नवीन डबा देऊ. तोवर पेंडिंग."

मग त्यांनी यादीचा तळ मागे दुमडला, दुमडलेल्या भागावर तीन पिना मारल्या आणि ती भिंतीवर लावली. नंतर चार महिने मी ती यादी रोज बघायचो. वरच्या मॉडेलांपुढे एकेक हिरवी खूण करत गेलो. चौतीस गिऱ्हाइकांचं काम मी मन लावून केलं, रविवारीसुद्धा गेलो. उरलेल्या सातांतल्या सहा जणांना फोनवर पेंडिंग सांगायला जड जायचं नाही. मॅडमना तोंडावर सांगायला जायचं. त्या मला घरचा समजायच्या, माझ्या आईच्या दम्याचं औषध फुकट द्यायच्या आणि मी म्हणेन ते डोळे मिटून मानायच्या. त्या मिटलेल्या डोळ्यांचीच मला भीती वाटायची.

*

फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी सकाळी फोन आला. मी पोचलो तेव्हा दवाखान्यात पेशंट बसलेले होते आणि मॅडम संगणकापुढे उभ्या होत्या. खुर्ची असून उभ्या होत्या.

एकही फाइल उघडत नव्हती. प्रत्येक एक्स-रेच्या नावाला एक अनोळखी शेपूट लागलं होतं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी इंग्रजी चिठ्ठी होती. मी डब्याला जोडलेली दुसरी डिस्क बघितली. ती बॅकअपची डिस्क. रोज कोण काढघाल करणार म्हणून ती मीच डब्याला कायमची जोडून ठेवली होती. तिच्यातही तेच.

"उघडेल ना?" मॅडम म्हणाल्या.

मी दोन तास काहीबाही करत राहिलो. उघडणार नाही हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. पण उठून त्यांच्याकडे बघण्यापेक्षा की-बोर्ड बडवणं बरं वाटत होतं. मॅडमनी चिठ्ठीतल्या पत्त्यावर लिहिलं, देते म्हणून कळवलं. त्याला उत्तर आलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मुंबईचे डॉक्टर फोटो पडद्यावरच बघत होते, उतरवून त्यांनी घेतलेच नव्हते. कोर्टात आधी फक्त शेवटचा फोटो दिला होता, पांढरा. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची सगळी ओळ गेली होती.

दुपारी पेशंट संपल्यावर मॅडमनी दार लोटलं.

"मी ती कंपनीची साइट एकदा उघडली होती रे," त्या म्हणाल्या. "इतके आकडे, मला त्यातलं काही कळेना. म्हटलं, अभि बघतोय ना." मग त्यांनी सरळ विचारलं. "या डब्याला अपडेट येणारच नव्हतं का? तुला माहीत होतं?"

मला सगळं ओकून टाकावंसं वाटलं. अगदी ओठांपर्यंत आलं होतं. आणि मी म्हणालो, "नाही मॅडम. कंपनीने काही कळवलंच नाही."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा काय दोष," म्हणाल्या. मला शिव्या दिल्या असत्या तर मी सावरलो असतो.

*

फौंड्रीच्या वकिलाला ती यादी शोधायला एक दिवससुद्धा लागला नसेल. मॅडमनी कोर्टात लिहून दिलं की अपडेट यायचं होतं, येण्याआधीच घात झाला. त्याने साइटचं पान छापून दाखल केलं, दिवाळीनंतरच्या तारखेसह. एकशेसाठ, यापुढे अपडेट नाही, नेटवर्कपासून वेगळं करावं. मग त्याने दुकानात फोन करून विचारलं, हे तुम्ही डॉक्टरांना सांगितल्याचा काही कागद आहे का. ती फौंड्री आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होती, अठरा संगणक आणि दोन मोठे डबे. त्यांचे दोन्ही डबे मी पहिल्याच आठवड्यात अपडेट केले होते.

मालकांनी मला शटर अर्धं ओढून आत बसवलं. टेबलावर मॅडमच्या भेटीच्या कागदांचा गठ्ठा होता. त्यातला जानेवारीचा कागद त्यांनी वर काढला. सही होती, तारीख होती. मजकूर मी अजून भरलाच नव्हता. दोन महिने आळस केला होता.

"लिही," मालक म्हणाले.

"काय?"

"सदर मॉडेलला अपडेट उपलब्ध नाही. नेटवर्कपासून वेगळे करावे असे डॉक्टरांना सांगितले. डॉक्टरांनी नकार दिला."

"मालक, त्यांनी स्वतः म्हटलं होतं की नेट काढू. मीच नको म्हणालो."

"मला कळतंय रं." त्यांचा आवाज खरोखरच थकलेला होता. "पण त्या बाईंचं काय जाणार हाय? डॉक्टर हाईत त्या, उद्या परत दवाखाना उघडतील. आपलं काय? सात जणं येऊन दुकान फोडतील. तुझा बाप अंथरुणावर हाय. अक्षर तुझं पाहिजे, बाकीचे सगळे कागद तुझ्या अक्षरातले हाईत. लिही, लेका."

मी लिहिलं. अक्षर चांगलं यावं म्हणून सावकाश लिहिलं. असल्या कामातसुद्धा हाताची सवय जात नाही.

*

जूनमध्ये साक्ष झाली. कोर्टाच्या खोलीत पंखा होता आणि वारा नव्हता. सर्जेराव मागच्या बाकावर बसला होता. मॅडमनी त्याला आपल्या दवाखान्यातलं ऑक्सिजनचं छोटं यंत्र घरी दिलं होतं, पण कोर्टात तो ते आणायला लाजला होता. मालनवहिनी पदराने त्याला वारा घालत होत्या.

मॅडमची साक्ष आधी झाली होती. सात सालचा फोटो मी स्वतः काढला, फुप्फुसं स्वच्छ होती, हे त्यांनी सांगितलं. त्यांच्या तोंडी शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, एवढाच प्रश्न आता उरला होता. आणि मग फौंड्रीच्या वकिलाने मला बोलावलं.

"अभिनंदन चौगुले, हा कागद तुमच्या हातचा?"

"होय."

"खाली सही कुणाची?"

"पाध्ये मॅडमची."

"यात लिहिलंय ते तुम्ही डॉक्टरांना सांगितलं होतं?"

मी मॅडमकडे बघायचं नाही असं ठरवून आलो होतो. तरी बघितलं. त्या रागावलेल्या नव्हत्या. पेशंटला जिभेखाली थर्मामीटर लावून वाट बघतात तशा माझ्याकडे बघत होत्या.

"होय," मी म्हणालो.

युनियनचे वकील उठले. म्हातारे होते, पण त्यांनी नेमकं जिथे दुखतं तिथे बोट ठेवलं. "चौगुले, तुमच्या धंद्यात गिऱ्हाईक कोऱ्या कागदावर सही करतं आणि मजकूर तुम्ही नंतर भरता, हे खरं आहे का?"

खोलीतल्या निम्म्या लोकांना तरी ते खरं आहे हे माहीत असणार. कोर्टाचे संगणक सांभाळणारा माणूसही तसाच सह्या घेत असेल.

"नाही," मी म्हणालो. "आधी वाचून दाखवतो, मग सही घेतो."

"अभि," मॅडम म्हणाल्या. एवढंच. न्यायाधीशांनी त्यांना गप्प राहायला सांगितलं.

फौंड्रीच्या वकिलाने शेवटी उभं राहून जे सांगितलं ते मला अजून पाठ आहे. डॉक्टरांना इशारा मिळाला होता, तरी त्यांनी डबा उघडा ठेवला. का ठेवला? कारण ते फोटो कोर्टापुढे यायला नको होते. कारण सात सालच्या फोटोत जुना टीबी दिसत होता. माझ्या एका 'होय'वर त्याने एवढी मोठी इमारत उभी केली, आणि मला तिच्या दारातून बाहेर पडायचं होतं.

मी बाहेर आलो तर व्हरांड्यात सर्जेराव बाकावर बसला होता. मी तोंड चुकवून जिन्याकडे निघालो. त्याने हाताने बोलावलं.

"हिकडं ये पोरा."

मी गेलो. तो बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला.

"तू सांगितलंवतंस व्हय बाईस्नी?" तो म्हणाला. "वायर काढा म्हनून?"

अजूनही वेळ गेली नव्हती. आत न्यायाधीश बसलेले होते. मॅडम दहा पावलांवर वकिलांशी बोलत होत्या. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं, आमच्या दुकानात नसलेला तो शब्द.

"होय," मी म्हणालो.

सर्जेरावने मान हलवली, एकदा, दोनदा. त्याचे डोळे भरून आले. "धा वरसं... त्या बाईच्या हातात छाती दिली. म्हटलं देवमानूस हाय." त्याला पुढे बोलवेना. मालनवहिनींनी त्याची पाठ चोळली आणि मॅडमकडे अशा नजरेने बघितलं की मी खाली बघितलं. मग सर्जेरावने माझा हात धरला. त्याचा तळवा दगडासारखा टणक होता आणि थंड होता. "तू तरी खरं बोललास बाबा. एवढ्या मोठ्या मानसाच्या तोंडावर."

मी हात सोडवून घेतला नाही. तो धरून उभा राहिलो.

*

निकाल विरुद्ध गेला. पण मला सांगायचंय ते निकालाचं नाही. निकालावर अपील असतं, आणि युनियनने ते केलंही. ते अजून चालू आहे म्हणतात.

सर्जेराव त्या दिवसानंतर पाध्ये मॅडमच्या दवाखान्याची पायरी चढला नाही. ऑक्सिजनचं यंत्र त्याने भाच्याच्या मोटरसायकलवर परत पाठवलं. मॅडमनी ते पुन्हा धाडलं, ते पुन्हा परत आलं. त्या स्वतः एकदा त्याच्या दारात गेल्या तेव्हा आतून कडी लागली. आसपास छातीचा दुसरा डॉक्टर नव्हता, कोल्हापूरला जायचं त्याच्यात बळ नव्हतं. कुणीतरी सांगितलेला काढा तो पीत होता. हे सगळं मला वडगावात कामाला गेलं की चहाच्या टपरीवर कळायचं. दर वेळी ठरवायचो, आज जाऊन सांगू. दर वेळी वाटायचं, पुढच्या खेपेला. मला 'पेंडिंग' या शब्दाची शिकवण चांगली मिळाली होती.

डिसेंबरात तो गेला. यंत्र असतं तर अजून वर्ष-दोन वर्षं काढली असती, असं मॅडम कुणाला तरी म्हणाल्या म्हणे. त्या थंडीने त्याचा श्वास कोंडला आणि घरात काढ्याशिवाय काही नव्हतं.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी मी गेलो. का गेलो, मला सांगता येत नाही. घरापुढे मांडव नव्हता, नुसतं तरट अंथरलं होतं आणि फौंड्रीतली पंधरा-वीस माणसं बसली होती. त्यातले तिघं-चौघं सर्जेरावसारखेच खोकत होते. त्यांचेही एक्स-रे त्याच डब्यात होते आणि त्यांच्याही केसेस आता उभ्या राहणार नव्हत्या. त्यांनी सरकून मला जागा केली.

मी बसतो न बसतो तोच फाटकाशी मॅडम दिसल्या. रिक्षा लांब सोडून चालत आल्या होत्या. चपला काढून त्या आत आल्या. कुणी 'या' म्हणालं नाही. पुरुषांनी माना खाली घातल्या.

मालनवहिनी ओट्यावरून उठल्या. तीन दिवसांत त्यांचा आवाज पार बसला होता.

"तुमी कशाला आलासा?" त्या म्हणाल्या. "फोटो घालवलासा. मानूस गेला. आता काय बघाया आलासा?"

मॅडमनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांची नजर बसलेल्या माणसांवरून फिरत माझ्यावर आली आणि थांबली. मालनवहिनींनी ती नजर कुठे गेली ते पाहिलं.

"ह्यो बगा, ह्यो परका पोरगा," त्या माझ्याकडे हात करून म्हणाल्या. "ह्येनं सांगून बी तुमी ऐकलं न्हाईसा. ह्येला माज्या दारात बसायचा मान हाय. तुमी जावा."

मॅडम माझ्याकडे बघत उभ्या होत्या. त्या बोलू शकल्या असत्या. तिथे, त्या माणसांपुढे, हा खोटा आहे असं म्हणू शकल्या असत्या. त्या बोलल्या नाहीत. मीच बोलेन याची त्या वाट बघत होत्या, हे मला तेव्हाही कळत होतं.

शेजारच्या बाईने माझ्यापुढे काळ्या चहाचा कप धरला. मी तो घेतला.

मॅडम वळल्या, फाटकापाशी वाकून त्यांनी चपला घातल्या आणि गेल्या. मालनवहिनी माझ्याजवळ येऊन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "च्या घ्या, गार हुईल." मी चहा प्यालो.